प्रयोगशील कविता : मुंबईचा नकाशा आणि वाळव्याचा फड

मराठीतल्या प्रयोगशील कवितेचा इतिहास सांगायचा झाला की नावांचा क्रम जवळजवळ ठरून गेलेला असतो. आधी बा. सी. मर्ढेकर, मग ‘शब्द’, मग ‘असो’, ‘वाचा’, ‘फक्त’, ‘येरू’ ही अनियतकालिके, मग नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’, आणि शेवटी नव्वदोत्तरी कवी. जागाही ठरलेल्या: गिरगावातली खटाववाडी, काळा घोडा, कामाठीपुरा, आणि मुंबईबाहेर फार तर औरंगाबाद. या यादीत इस्लामपूर येत नाही. या इतिहासाने दखल घ्यावी असे अनियतकालिक इथून निघाल्याची नोंद नाही, तेव्हा तक्रारीलाही जागा नाही. तरीही वाळवा तालुक्याच्या या गावातून त्या यादीकडे पाहिले तर काही गोष्टी वेगळ्या दिसू लागतात. मर्ढेकरांचे मूळ गाव मर्ढे हे साताऱ्याजवळचे. ‘असो’चे संपादक आणि ‘प्रास’चे प्रकाशक अशोक शहाणे यांचा जन्म १९३५ साली साताऱ्यातला. राजा ढाले १९४० साली सांगलीजवळच्या नांद्रे गावी जन्मले. अरुण कोलटकर कोल्हापूरचे. राजाराम हायस्कूलात शिकून पुढे मुंबईला गेले. दुसऱ्या बाजूला याच वाळवा तालुक्यात रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव आणि वाटेगावचे अण्णा भाऊ साठे आहेत, ज्यांना प्रयोगशीलतेच्या चर्चेत सहसा कुणी बोलावत नाही. पहिल्या चौघांना मुंबईचे मानायचे, दुसऱ्या दोघांना ‘लोककला’ या खात्यावर टाकायचे आणि दोन खात्यांचा एकमेकांशी संबंध नाही असे धरून चालायचे, ही आपली रीत आहे. या लेखात वादाची पार्श्वभूमी, त्यातल्या मुख्य भूमिका आणि सुटायचे राहिलेले प्रश्न मांडताना एक म्हणणे पुढे ठेवायचे आहे. मराठीतला प्रयोगाचा वाद वरवर आकृतीचा वाटतो, पण त्याच्या मुळाशी साधनांचा प्रश्न आहे. कविता कोणाच्या हातून, कशावर उमटून आणि कोणापर्यंत जाणार, हे ज्याच्या ताब्यात त्याचेच कवितेचे मोजमाप चालते.

पार्श्वभूमी

मर्ढेकरांपासून सुरुवात करण्याला पर्याय नाही, पण त्यांच्याबाबतीत एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. १९३९च्या ‘शिशिरागम’मध्ये ते अजून जुन्या भावकवितेच्या घरातच आहेत. १९४७च्या ‘काही कविता’मध्ये महायुद्ध, यंत्र, विज्ञानातली परिभाषा, इंग्रजी शब्द, मुंबईची गर्दी हे सगळे एकदम आत येते, आणि येते ते अभंग-ओवीच्या चालीवर. म्हणजे आधुनिक मराठी कवितेतला पहिला मोठा प्रयोग छंद मोडून झालेला नाही. संतांच्या छंदात जे कधी मावले नसते ते त्याच छंदात कोंबून झाला आहे. या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला आणि मर्ढेकर त्यातून निर्दोष सुटले. त्याच मर्ढेकरांनी ‘रात्रीचा दिवस’सारखी संज्ञाप्रवाही कादंबरी लिहिली, आकाशवाणीसाठी संगीतिका लिहिल्या आणि ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये लयीच्या तत्त्वांवर उभे असलेले सौंदर्यशास्त्र मांडले. पुढे ‘सत्यकथा’ मासिकाच्या पिढीने त्यांच्याकडून मुख्यतः हे शास्त्र उचलले, तर अनियतकालिकांच्या पिढीने त्यांची जीभ उचलली. एकाच कवीचे दोन वारस पुढे समोरासमोर उभे राहिले, ही या वादाची पहिली गुंतागुंत.

मर्ढेकरांनंतर विंदा करंदीकर, शरच्चंद्र मुक्तिबोध, पु. शि. रेगे आणि सदानंद रेगे यांनी ‘नवकविता’ या नावाखाली अगदी निरनिराळ्या दिशा धरल्या. त्यांत सदानंद रेगे यांच्याकडे अजूनही म्हणावे तितके लक्ष गेलेले नाही. चित्रकलेतून थेट कवितेत उडी मारणारी त्यांची प्रतिमा पुढच्या बऱ्याच प्रयोगांच्या आधीची आहे. पण हे सारे प्रतिष्ठित मासिके आणि प्रकाशनसंस्था यांच्या चौकटीत घडत होते. चौकट पहिल्यांदा ओलांडली ती १९५०च्या दशकाच्या मध्यावर, दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि त्यांचे मित्र यांनी ‘शब्द’ हे सायक्लोस्टाइल केलेले अंक काढायला सुरुवात केली तेव्हा. चित्रे तेव्हा विशीतही पोचलेले नव्हते.

स्टेन्सिलची गोष्ट

सायक्लोस्टाइल हे नाव आता फक्त जुन्या सरकारी परिपत्रकांमुळे आठवते, म्हणून त्याचे काम थोडे सांगायला हवे. मेणाचा थर दिलेल्या पातळ स्टेन्सिलवर टंकयंत्राची फीत काढून टाइप करायचे, किंवा मराठी टंकयंत्र हाताशी नसेल तर टोकदार लेखणीने कोरून लिहायचे. अक्षर जिथे उमटते तिथला थर निघून जातो. मग ते स्टेन्सिल यंत्राच्या नळकांड्यावर ताणून बसवायचे आणि दांडा फिरवायचा. शाई त्या चिरांतून झिरपून कागदावर येते. चूक झाली तर लाल द्रव लावून वाळेपर्यंत थांबायचे. काही शे प्रतींनंतर स्टेन्सिल फाटते. ‘ठ’ आणि ‘ढ’ची पोटे बुजतात, मागच्या बाजूची शाई पुढे दिसते. या यंत्राला खिळे जुळवणारा लागत नाही, मुद्रितशोधक लागत नाही, आणि मुख्य म्हणजे संपादकाची परवानगी लागत नाही. कचेरीत नोकरी करणाऱ्या एखाद्या मित्राकडे यंत्र असले की काम होते. ‘नियतकालिक’ म्हटले की घोषणापत्र, नोंदणी, टपालाची सवलत हवी तर ठरल्या तारखेला अंक, हे सारे मागोमाग येई. सवड आणि पैसे जमतील तेव्हा निघणाऱ्या अंकाला यातले काही सांभाळावे लागत नसे.

या साधनाचा परिणाम कवितेवर झाला की कवितेनेच हे साधन शोधून काढले, यावर मतभेद होऊ शकतात. एवढे दिसते की १९६३ नंतर ‘असो’, ‘वाचा’, ‘फक्त’, ‘आत्ता’, ‘येरू’, ‘तापसी’ असे अंक एकामागून एक येऊ लागले तेव्हा त्यांत जे छापले गेले त्यातले बरेचसे दुसरीकडे छापले गेले नसते. शिवी, लैंगिकता, अर्धवट वाक्ये, मुंबईया हिंदी-मराठीची सरमिसळ, विनाकारण मोठा किंवा विनाकारण छोटा मजकूर, हे सगळे आले. सतीश काळसेकर, तुळसी परब, मनोहर ओक, वसंत दत्तात्रेय गुर्जर, चंद्रकांत खोत, भालचंद्र नेमाडे ही माणसे एका विचाराची नव्हती. एका साधनाची होती. १९६२ साली अमेरिकन कवी अॅलन गिन्सबर्ग मुंबईत होते आणि इथल्या तरुण कवींशी त्यांची ऊठबस झाली, या गोष्टीला पुढे बरेच वजन दिले गेले. अशोक शहाण्यांचा बंगालीशी असलेला जिवंत संबंध आणि कलकत्त्याच्या ‘भुकेली पिढी’ या काव्यचळवळीशी ओळख ही माझ्या मते त्याहून महत्त्वाची. बाहेरून येणारा वारा एकट्या अमेरिकेतून येत नव्हता.

या कवितेच्या आजूबाजूला चित्रकार, अक्षरकार आणि नाटकवाले होते, हेही विसरता येत नाही. कोलटकर जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले आणि पोटापाण्यासाठी जाहिरातक्षेत्रात मुद्रणरचना करणारे होते. ‘प्रास’च्या पुस्तकांच्या आकारात, पानावरच्या कोऱ्या जागेत आणि ओळ तोडण्याच्या पद्धतीत ते दिसते. र. कृ. जोशी यांनी अक्षरांनाच चित्र मानून काँक्रीट कवितेचे प्रयोग केले. हेच जोशी पुढे ‘मंगल’ या देवनागरी टंकाचे रचनाकार झाले. बरीच वर्षे कुठल्याही गावातल्या संगणकावर युनिकोड मराठी उघडली की बहुधा त्यांचेच अक्षर समोर येई आणि ते एका प्रयोगशील कवीचे आहे हे कुणाच्या गावीही नसे. प्रभाकर बरवे यांचे ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक १९९०चे. चित्रकाराने मराठीत रूपाबद्दल इतक्या बारकाईने लिहिल्याची उदाहरणे थोडी. रंगभूमीवर १९७४पासून दादरच्या छबिलदास शाळेत ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने जागा करून दिली. नाटक तिथे दोनेकशे प्रेक्षकांसमोर कमी खर्चात उभे राहू लागले. चित्र्यांनी ‘गोदाम’ हा चित्रपटही केला. मात्र या वेगवेगळ्या कलांना एकत्र बांधणारा जाहीरनामा मराठीत कधी निघाला नाही. युरोपातल्या अग्रगामी चळवळींशी तुलना करताना हा फरक ठळकपणे मांडायला हवा. आपल्याकडे मैत्र्या होत्या, पंथ नव्हते.

चार भूमिका

पहिली भूमिका ‘सत्यकथा’ची. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या संपादनाखाली या मासिकाने एक धारणा जपली: साहित्यकृती स्वायत्त असते, तिची घडण तिच्या आतल्या नियमांनी होते, आणि ती तपासताना लेखकाची जात, वर्ग वा पक्ष मध्ये आणायचा नसतो. या भूमिकेची नंतर इतकी टिंगल झाली की तिचे बळ सांगायचे राहून जाते. नवख्या लेखकाला सविस्तर पत्रे लिहिणारे, मजकूर तीन-तीनदा दुरुस्त करून घेणारे संपादक मराठीत दुसरीकडे फारसे नव्हते. शिवाय चित्रे, कोलटकर, ग्रेस यांच्या कविता ‘सत्यकथे’त आल्या. वसंत आबाजी डहाक्यांची ‘योगभ्रष्ट’ही तिथलीच. ‘सत्यकथा’ विरुद्ध प्रयोग अशी सरळ विभागणी करणाऱ्याला ही नावे अडचणीची ठरतात.

दुसरी भूमिका शहाणे आणि ढाले यांची. शहाण्यांनी १९६३ साली मराठी साहित्यावर ‘क्ष’ किरण टाकणाऱ्या लेखात एकूण साहित्यव्यवहारच तपासणीच्या टेबलावर घेतला. ढाल्यांनी ‘सत्यकथेची सत्यकथा’ लिहून एका मासिकाची उलटतपासणी केली आणि १९६९ साली खटाववाडीत त्या मासिकाच्या अंकाची होळी झाली. अंक जाळणे हे वाङ्मयीन युक्तिवादाचे साधन होऊ शकते का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही रास्त आहे. पण या मंडळींचे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर ते असे: ज्याला तुम्ही निखळ कलात्मक निकष म्हणता तो विशिष्ट घरांत वाढलेल्या माणसांच्या कानाला काय बरे वाटते याचा निकष आहे. हा युक्तिवाद मान्य असो वा नसो, १९७२ साली ‘दलित पँथर’ स्थापन झाली तेव्हा ढाले तिच्यात असणे आणि त्याच वर्षी स्वातंत्र्यदिनाविषयीचा त्यांचा लेख ‘साधना’त येऊन गदारोळ होणे, हे अचानक घडले नव्हते. अनियतकालिकाच्या छोट्या पानावर सुरू झालेले भांडण रस्त्यावर गेले होते.

तिसरी भूमिका चळवळीच्या आतूनच फुटली आणि ती सर्वांत जास्त टिकली. नेमाड्यांनी पुढे देशीयतेचा विचार मांडला: साहित्य आपल्या भूमीतल्या परंपरेतून वाढते, आणि परदेशी चळवळींच्या नकलेने आलेली नवता ही उसनी असते. चित्र्यांचे म्हणणे याच्या उलट होते. कवी एकाच वेळी तुकारामाचा आणि जगाचा वारसदार असू शकतो, किंबहुना दोन्ही असल्याशिवाय त्याचे भागत नाही. गंमत अशी की देशीयतेचा पुरस्कार करणारे नेमाडे ‘मेलडी’ असे नाव देऊन कवितासंग्रह काढतात, आणि आंतरराष्ट्रीय म्हणून हिणवले गेलेले चित्रे ‘पुन्हा तुकाराम’ लिहून आयुष्याची कितीतरी वर्षे तुकारामाच्या भाषांतरात घालवतात. दोन्ही बाजूंचे विचार त्यांच्या लेखनापेक्षा टोकदार आहेत, हे इथे नोंदवायला हवे.

चौथी भूमिका दलित कवितेची. १९७२च्या ‘गोलपिठा’ला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे, आणि ती लिहिण्याआधी त्यांनी ढसाळांबरोबर ती वस्ती पायी पाहिली. या प्रस्तावनेतली सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे मराठीतल्या एका आघाडीच्या नाटककाराला मराठी कवितेतल्या शब्दांचे अर्थ विचारावे लागले. ढसाळांना प्रयोगशील म्हणावे की दलित, यावर दोन्ही बाजूंनी आक्षेप आहेत. एक बाजू म्हणते की ‘प्रयोग’ या नावाखाली जगण्यातली आग विझवली जाते; दुसरी म्हणते की फक्त ‘अनुभव’ पाहिला तर ढसाळांची वाक्यरचना, त्यांच्या याद्या, त्यांचे शिवीतून एकदम स्तोत्रात जाणे, हे कौशल्य अदृश्य होते. प्रकाश जाधव आणि पुढे अरुण काळे, भुजंग मेश्राम यांच्या कवितेबद्दलही हाच पेच कायम राहतो. माझा कल दुसऱ्या बाजूकडे आहे, कारण ढसाळांच्या कारागिरीवरचे लेखन त्यांच्या आयुष्यावरच्या लेखनाच्या मानाने फार थोडे आहे.

वाळव्याचा फड

आता पहिल्या परिच्छेदात बाजूला ठेवलेल्या दोन नावांकडे. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे रेठऱ्याचे वतनदार ब्राह्मण. वतन आणि जात दोन्ही मागे टाकून ते तमाशात गेले, नर्तकी पवळेबरोबर फडावर उभे राहिले आणि पठ्ठे बापूराव झाले. कवीने आपली कविता कोणत्या माणसांच्या सोबतीने आणि कुठल्या जागी सादर करायची, हा निर्णय घेऊन त्याची किंमत मोजण्याचे याहून मोठे उदाहरण साठच्या दशकातल्या मुंबईतही सापडत नाही. अण्णा भाऊंनी १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभे केले. तमाशाची गण, गौळण, बतावणी, वग ही घडण त्यांना वारशाने आली होती. त्यांनी गणातली गणेशवंदना काढून तिथे मायभूमी आणि हुतात्मे आणले, आणि वगातले राजे-प्रधान हाकलून सावकार, शेटजी, निवडणुकीतले उमेदवार आणले. स्टालिनग्राडवर त्यांनी पोवाडा रचला. व्होल्गाकाठची लढाई डफावर घेऊन गिरणगावात उभी करणे याला जर प्रयोग म्हणायचे नसेल, तर प्रयोग म्हणजे काय हे आधी ठरवावे लागेल. पुढे सरकारने तमाशावर बंदी घातली तेव्हा हाच खेळ लोकनाट्य म्हणून चालू राहिला. अनियतकालिकवाल्यांनी नियमांच्या बाहेर राहायला जी वाट काढली तिच्या काही वर्षे आधी फडावर तशीच वाट निघाली होती.

यावर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही गंभीर आहेत. पहिला असा की शाहिराला कळवायचे असते, तर अग्रगामी कवी वाचकाला अडवतो. दोघांना एका पंगतीला बसवणे चूक. पण कविता अवघड आहे की सोपी हे वाचकाच्या पत्त्यावर अवलंबून असते, हे ‘गोलपिठा’ने दाखवूनच दिले आहे. कामाठीपुऱ्यातल्या माणसाला त्यातला शब्द अडणार नाही, शिवाजी पार्कवरल्या माणसाला अडेल. शिवाय कोलटकरांचा ‘चिरीमिरी’ हा सांगण्या-ऐकण्याच्या, वारीतल्या गप्पांच्या सुरात चालणारा संग्रह आहे. तिथे वाचक अडत नाही, तरीही तो मराठीतल्या धाडसी पुस्तकांपैकी एक आहे. अडवणे हे प्रयोगाचे एक तंत्र आहे, व्याख्या नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त बळकट आहे. अण्णा भाऊंची शाहिरी पक्षाच्या आणि चळवळीच्या कामी होती. श्रोता कोण, त्याला काय सांगायचे, शेवटी कोणती घोषणा यायची, हे ठरलेले होते. प्रयोगशील कवितेत जी स्वतःच्या आवाजाबद्दलची शंका असते, ‘हे मी बोलतोय की माझ्या तोंडून दुसरे कुणी’ असा जो संशय असतो, तो शाहिरीत नाही. हे मान्यच करायला हवे. मनोहर ओकांची एखादी कविता आणि एखादा पोवाडा शेजारी ठेवले तर दोघांमधले अंतर डोळ्यात भरते. म्हणून माझे म्हणणे दोन्ही एकच आहेत असे नाही. साधनांच्या इतिहासात दोन्ही एकाच प्रकरणात यायला हवेत, एवढेच आहे. फड, स्टेन्सिल आणि पुढे संगणक ही कवितेने प्रस्थापित छापखान्याला दिलेली बगल होती, आणि प्रत्येक बगलेने कवितेचा घाट थोडा बदलला.

तिसरा आक्षेप जन्मगावांविषयीचा. नांद्र्यात जन्मलेले ढाले लहानपणीच मुंबईला गेले, शहाण्यांचे काम मुंबईतले, मर्ढेकरांचा तर जन्मही खानदेशातल्या फैजपूरचा. मग सातारा-सांगलीचा संबंध काय? जन्मगावाने कविता ठरत नाही, हे खरे. पण त्यातूनच खरा प्रश्न पुढे येतो: ही माणसे इथेच राहिली असती तर त्यांना काय मिळाले असते? इस्लामपूर-कराड पट्ट्यात त्या काळात शिक्षणाची भूक मोठी होती. रयत शिक्षण संस्थेची सुरुवातच १९१९ साली कराडजवळच्या काल्यातली. प्रतिसरकारच्या आठवणी ताज्या होत्या, पुढे सहकारी कारखाने उभे राहत होते. साहित्यही होते. औदुंबरला कवी सुधांशूंच्या पुढाकाराने दर संक्रांतीला संमेलन भरत आले आहे आणि तिथे कृष्णाकाठचा सामान्य वाचक येऊन बसतो. सांगलीला म. द. हातकणंगलेकरांसारखे इंग्रजी शिकवणारे आणि नव्या मराठी लेखनावर बारकाईने लिहिणारे समीक्षक होते. नव्हती ती जाहिरातसंस्थेतली नोकरी, कचेरीतले मोकळे यंत्र आणि गर्दीतले अनोळखीपण. गावात कवी हा कुणाचा तरी मुलगा असतो. त्याने अंकात काय लिहिले ते संध्याकाळी पेठ नाक्यापर्यंत पोचते. औरंगाबादचे उदाहरण इथे उपयोगी पडते: तिथे मिलिंद महाविद्यालय आणि मराठवाडा विद्यापीठ यांमुळे बाहेरगावच्या तरुणांची एक वस्तीच तयार झाली आणि ‘वाचा’, ‘अस्मितादर्श’ यांना जमीन मिळाली. म्हणजे महानगर लागतेच असे नाही, पण आपल्या आळीबाहेरचे चार समविचारी आणि एक स्वस्त यंत्र लागते.

न सुटलेले प्रश्न

नव्वदनंतर यंत्र बदलले. गावोगावी डीटीपीची दुकाने निघाली, श्रीलिपीत मजकूर जुळवून देणारी पोरे तयार झाली. हेमंत दिवटे यांचे ‘अभिधा’ आणि पुढे ‘अभिधानंतर’ मुंबईतून निघाले. पण बुलडाण्याहून ‘शब्दवेध’, सावंतवाडीहून ‘नवाक्षर दर्शन’, वाशिमहून ‘काव्याग्रह’ असे अंक येऊ लागले तेव्हा नकाशा खऱ्या अर्थाने फाकला. सलील वाघ, मन्या जोशी, वर्जेश सोलंकी, संजीव खांडेकर, श्रीधर तिळवे, सचिन केतकर यांच्या कवितेत जागतिकीकरण, ब्रँडची नावे, पडद्यावरची भाषा आली. केतकरांनी संपादित केलेला ‘लाइव्ह अपडेट’ हा इंग्रजी अनुवादांचा संग्रह २००५चा. तिळव्यांनी ‘चौथी नवता’ अशी सैद्धांतिक मांडणीही केली. या कवितेवरचा आक्षेप असा की बाजारावर टीका करता करता ती बाजाराची यादी बनते. समर्थक म्हणतात की माणसाच्या डोक्यात आज जे चालते तेच पानावर आले आहे. ही चर्चा अजून कवींच्या आपसांतच चालते, समीक्षेने ती पुरती हाती घेतलेली नाही.

स्त्रियांचा प्रश्न याहून जुना आणि जास्त अवघड आहे. साठोत्तरी अनियतकालिकांच्या संपादकांत, कवींत आणि त्या सगळ्या दंतकथांत स्त्रिया जवळजवळ नाहीत. रजनी परुळेकरांची दीर्घकविता, मल्लिका अमर शेख यांची शहराची कविता, प्रज्ञा दया पवार यांची कविता, या प्रत्येकीने आकृतीशी झटापट केली आहे, तरी त्यांची गणना ‘स्त्रियांची कविता’ या सदरात होते. उलट कोलटकरांच्या ‘भिजकी वही’त हिपेशिया, कण्णगी, नाद्येझ्दा, किम अशा जगभरच्या स्त्रिया येतात आणि त्या पुस्तकाला प्रयोगाचे शिखर म्हटले जाते. ते शिखर आहेच. पण स्त्रियांविषयी पुरुषाने लिहिले की प्रयोग आणि स्त्रीने लिहिले की अनुभव, ही वाटणी कुणी केली याचे उत्तर समीक्षेने द्यायचे आहे.

कायद्याचा प्रश्नही मर्ढेकरांवर संपला नाही. गुर्जरांची ‘गांधी मला भेटला’ ही १९८३ साली पोस्टर-कवितेच्या रूपात आलेली रचना १९९४ साली एका बँक-कर्मचारी संघटनेच्या पत्रिकेत पुन्हा छापली गेली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१५च्या निकालात न्यायालयाने थोर ऐतिहासिक व्यक्तींच्या तोंडी अश्लील भाषा घालण्याचे स्वातंत्र्य कवीला आहे का, या प्रश्नाला मोठे वजन दिले. दिलगिरी व्यक्त केलेल्या प्रकाशक-मुद्रकांची सुटका झाली आणि कवीला खटल्याला सामोरे जावे लागले. कवितेतला ‘गांधी’ हा व्यक्ती आहे की प्रतिमा, हा प्रश्न कविता वाचणाऱ्याला पहिल्या फटक्यात पडतो. न्यायालयात तो कसा मांडायचा याची भाषा आपल्याकडे अजून घडलेली नाही.

आणि शेवटचा प्रश्न अगदी कागदाचा आहे. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडली, पण तिचे अंक बांधलेल्या खंडांत ग्रंथालयांत मिळतात. अनियतकालिकांचे तसे नाही. सायक्लोस्टाइलचा कागद हलका, शाई तेलकट. पाने पिवळी पडतात, घडीवर तुटतात, आणि अंकावर पुष्कळदा तारीखही नसते. त्यामुळे कोण आधी, कोणाचा प्रभाव कोणावर, हे वाद बहुतेक आठवणींवर चालतात, आणि आठवणी लिहिल्या त्या मुंबईच्या माणसांनी. फडाची स्थिती याहून वाईट. वगाच्या वह्या, लावण्यांच्या चोपड्या फडमालकांच्या पेट्यांत राहिल्या आणि फड मोडले तशा गेल्या. पठ्ठे बापूरावांनी दोन लाख लावण्या रचल्याचे परंपरा सांगते. हाती उरल्या आहेत त्या थोड्या. इंग्रजीत अनुवाद झालेले कवी जगापुढे गेले, न झालेले मागे राहिले, हाही याच अभावाचा परिणाम. जे मूळ मजकूर हाताशी आहेत त्यांच्यावरच अभ्यास होणार.

तेव्हा वाळवा, शिराळा, पलूस, कराड, सातारा या भागात कुणाच्या माळ्यावर, जुन्या शाळामास्तरांच्या कपाटात, शाहिराच्या वा फडकऱ्याच्या घरी असे अंक, वह्या, कार्यक्रमांच्या पत्रिका, हस्तलिखिते असतील, तर ती रद्दीत घालू नका. जवळच्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाला किंवा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला कळवा. मूळ प्रत द्यायची नसेल तर निदान पानापानाची छायाचित्रे काढून घेऊ द्या, आणि अंक कुणाकडून व साधारण कधी हाती आला ते त्याच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवा.